गार ठेवायचं औषध

१२ फेब्रुवारी

सोडलं एकदाचं आज. डिस्चार्जच्या कागदांसाठी सकाळची दुपार केली त्यांनी. खिडकीशी जाऊन मी दोनदा आवाज चढवला तेव्हा कुठे हलले. नवरा म्हणाला, अगं, त्यांनीच वाचवलंय तिला. वाचवलंय, कबूल. पण म्हणून एक शिक्का मारायला एवढा वेळ?

बारकी घरी आली आणि सरळ आपल्या खाटेवर जाऊन पडली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बारकी. पुढे चांगली भरली, पंधरा वर्षांची झाली, तरी नाव काही सुटलं नाही. आता पुन्हा नावाला शोभेल अशी झालीय. गेला महिनाभर घटाघटा पाणी पीत होती, रात्री सारखी उठत होती, कपडे अंगावर लोंबायला लागले होते. गल्लीतल्या डॉक्टरला दोनदा दाखवलं. पहिल्यांदा म्हणाला, वाढीचं वय आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, परीक्षेचं टेन्शन आहे. बोटाला टोचून एक थेंब बघायचा होता फक्त, तेवढं त्याला सुचलं नाही. मग तिच्या तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला, आणि एका सकाळी ती बाथरूमच्या दारात कोसळली. मोठ्या दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या कळलं. त्या गल्लीतल्याकडे मी एकदा जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलं नाही.

टाइप वन मधुमेह म्हणतात. शरीराचीच फौज उलटली आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी खाऊन बसली. खाण्याचा संबंध नाही, लाडाचा नाही. गोळ्या नाहीत. पथ्याने बरा होत नाही. जेवणाआधी एका पेनाने टोचायचं, झोपताना दुसऱ्या पेनाने, आणि हे जन्मभर. सिस्टरने सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, मनातलं कुठेतरी लिहीत जा. बोलले तर कुणाचं तरी डोकं फुटेल, त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

१६ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरची बाई भेटायला आली. खुर्चीत बसली नाही तोच म्हणते, "एकुलती एक ना, गोडधोड फार झालं असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला पेशी, फौज, सगळं सांगितलं. तिने मान डोलावली आणि जाताना बारकीच्या गालाला हात लावून म्हणाली, आता जिभेवर ताबा ठेव हं. दार मी जरा जोरातच लावलं. माझ्या पोरीला कुणी खादाड म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

२८ फेब्रुवारी

बारकी हुशार आहे. ताटात किती भात, त्याला किती युनिट, हे ती माझ्याआधी शिकली. शाळेत वर्गातच टोचते. सकाळचे साखरेचे आकडे शंभर, एकशेदहा, एकशेवीस. नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. तो म्हणाला, इतके चांगले आकडे मी दुकानातही पाहिले नाहीत. बारकी हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

९ मार्च

उन्हाळा आला. घरचा फ्रिज म्हणजे नुसतं कपाट आहे, दाराचं रबर गेलेलं, त्यात वीज जाते ती वेगळीच. इन्सुलिन गार ठेवायचं म्हणजे ठेवायचं. दोन ते आठ डिग्री, असं सिस्टरने सांगितलं होतं. आठ! आमच्या कोल्ड स्टोरेजला आठ डिग्री झाली तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची बाहेर असेल. एवढी वर्षं मी त्या कॉम्प्रेसरांच्या उरावर बसून काढली आहेत. गारठ्यातलं मला कुणी शिकवू नये.

आज जाड थर्माकोलचा डबा केला. त्यात जेलची पाकिटं घातली, तीही साधी नाहीत, आमच्या ब्लास्ट रूममधली. त्या खोलीत मटार आत जातो आणि बघता बघता खडे होऊन बाहेर येतो. पाकिटं दगडासारखी, हाताला चिकटतात. रोज संध्याकाळी ताजी आणायची. दोन्ही पेनं आणि नवीन आणलेला सगळा साठा पाकिटांच्या मधोमध, तळाला. गरम हवा वरून शिरते म्हणून थर्मामीटर झाकणाला लावला, आठच्या वर गेला की टिवटिव करेल असा. दिवसभर तीन-चारच्या पुढे हलला नाही. नवऱ्याला म्हटलं, बघ, दवाखान्याला जमणार नाही असं काम आहे.

तो डबा ती शाळेत नेणार, संध्याकाळी आणणार, रात्री उशाशी ठेवणार. जड आहे म्हणून तोंड वाकडं केलं. म्हटलं, जिवापेक्षा जड नाही.

१६ मार्च

दोनशेऐंशी. जेवणाआधी.

विचारलं, काय खाल्लंस? म्हणे, काही नाही. डब्यातलंच.

१९ मार्च

तीनशेदहा, दोनशेनव्वद, तीनशेचाळीस. पुन्हा पाणी घटाघटा. डबा वगैरे सगळं मी डोळ्यांत तेल घालून करतेय आणि इथे हे. शाळेत तिच्या शेजारी बसते ती मैत्रीण, पेस्ट्रीवाल्याची पोरगी, मला आधीपासूनच पसंत नाही.

आज बारकी म्हणाली, पेन कधी कधी अडकतं. बटण दाबलंच जात नाही, मग काखेत धरून बसावं लागतं. आणि टोचताना गार झोंबतं. म्हटलं, जोरात दाब. औषध आहे, सरबत नाही. आता टोचायचाही कंटाळा, म्हणून नवीन नवीन कारणं. मला कारणं नकोत, आकडे हवेत.

२७ मार्च

मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रातले आकडे पाहिले, चष्मा काढला, बारकीला बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "या वयातली मुलं खोटं बोलतात. डोस वाढवतो, पण खरं औषध म्हणजे नजर. तुम्ही नजर ठेवा."

कुणीतरी स्पष्ट बोललं. बाहेर आले तर ती बाकावर पाय हलवत बसली होती, साळसूद. रस्ताभर मी बोलले नाही. नवरा म्हणाला, ती खरंही बोलत असेल. तो तिला कायम पाठीशी घालतो. त्याला काय, आकडे घेऊन डॉक्टरसमोर मला बसावं लागतं.

३० मार्च

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बजावून आले. बारकीला काही गोड दिलंत तर माझ्याशी गाठ आहे. तो काहीतरी म्हणत होता, पण मागे गिऱ्हाइकं उभी होती आणि मला कामाला उशीर होत होता. वर्गशिक्षिकेलाही चिठ्ठी दिली. पेस्ट्रीवाल्याच्या पोरीपासून लांब बसवा असं लिहिलं.

दप्तर तपासलं. गादीखाली पाहिलं. काही सापडलं नाही. पक्की आहे.

१४ एप्रिल

परीक्षा संपली, बारकी माझ्या बहिणीकडे गेली आहे आठ दिवस. आणि डबा विसरली! एवढा मोठा डबा दारात ठेवलेला, त्याला वळसा घालून गेली. फोनवर मी एवढी ओरडले की कामावरचा ऑपरेटर आत येऊन बघून गेला. बहिणीने तिथल्या औषधाच्या दुकानातून नवीन पेनं घेतली. ठेवणार कुठे, तर आपल्या टेबलाच्या खणात. उन्हाळ्यात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१७ एप्रिल

बहिणीचा फोन. काल बारकीला थरथर सुटली, घाम आला, काहीबाही बोलायला लागली. आकडा बावन्न. तिने फळांचा रस पाजला, साखर खाऊ घातली, मग ताळ्यावर आली. बहीण म्हणते, एवढा डोस कुणी लिहून दिला, हिला निम्म्यातच भागतंय. दवाखान्यात फोन करून तिने कमीही केला. आज सकाळी एकशेपंधरा.

म्हणजे बघा. मावशीकडे निम्म्यात भागतं. मावशीकडे शहाणी. तिथे पेस्ट्रीवाली नाही, कोपऱ्यावरचं दुकान नाही, तर आकडे कसे सुतासारखे सरळ. याहून वेगळा पुरावा काय हवा? इतके दिवस मनात कुठेतरी वाटायचं, पोर खरं बोलत असेल तर? आज ती शंकाही गेली. ती हे मुद्दाम करतेय. माझ्या घरात, माझ्या नाकासमोर.

२३ एप्रिल

आली. रंग सुधारलाय. उद्यापासून शाळेत दहावीचे उन्हाळी वर्ग सुरू. आल्या आल्या तिच्या पिशवीतली ती खणातली पेनं मी कचऱ्यात टाकली. डब्यातली दिली. डोसही पूर्वीचा लावला, तिथला लाडाचा हिशेब इथे चालणार नाही.

२६ एप्रिल

तीनशेसाठ.

३० एप्रिल

आज कबूल झाली.

जेवण झाल्यावर समोर बसवलं. नवरा म्हणाला, राहू दे आता. त्याला आत पाठवलं. मी ओरडले नाही, फक्त विचारत राहिले. काय खाल्लंस. कधी. कुठून आणलंस. ती नाही नाही म्हणत होती. मावशीकडे कसं काय जमलं, विचारलं, तर म्हणे मला नाही माहीत. मग बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "क्रीमची बिस्किटं. शाळेत. रोज एक पुडा."

खरं सांगायचं तर बरं वाटलं. दीड महिना मी भिंतीशी भांडत होते, शेवटी भिंतीत दार सापडलं. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बघ, खरं बोललं की किती सोपं होतं. ती अंग ताठ ठेवून उभी होती. लाज वाटली असणार.

आता शाळेत पैसे नाहीत, मधल्या सुट्टीत शिक्षिकेजवळ बसायचं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मी म्हटलं नव्हतं?

३ मे

बिस्किटं बंद आणि आकडा चारशेच्या वर. आता मीच विचारायचं थांबवलंय, नाहीतर हात उचलला जाईल. ती ताटात वाढलेलं बाजूला सारते. भात नको, पाव नको. म्हणते, खाल्लंच नाही तर तुला विचारावं लागणार नाही.

नाटकं. म्हटलं, नको तर नको.

५ मे

कामावर फोन आला. दुपारी, नवीन मालाची गाडी दारात असताना. शाळेतून रुग्णवाहिकेने नेलं. उलट्या, धाप, तोंडाला तो वास. तोच वास.

नवरा माझ्याआधी पोचला होता. शिक्षिका सांगत होती, दोन दिवस तिने डब्याला हातही लावला नाही. जेवणाच्या डब्याला. इन्सुलिनच्या मात्र लावला, वेळेवर, सगळ्यांसमोर.

जिवंत आहे. आणखी काही लिहायला आत्ता जमत नाही.

७ मे

शुद्धीवर आली. सलाइनमधून इन्सुलिन चाललंय आणि आकडे खाली येतात. मी खुर्ची सोडलेली नाही, कुणाची ताकद नाही हिला काही चोरून द्यायची. आज दोन घास भात खाल्ला. दोनशे. मग एकशेऐंशी. डोस मी घरी देत होते त्याच्या निम्माही नाही.

सगळं खाऊन एकशेऐंशी. घरी न खाता चारशे. मला गणित येतं, पण हे गणित डोक्यात शिरत नाहीये.

८ मे

लिहिते.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी देता ते औषध आणून दाखवा. मी कामावर गेले, ताजी पाकिटं घेतली, डबा नीट लावला, झाकणावरचा थर्मामीटर तपासला. तीन डिग्री. रिक्षात मांडीवर धरून आणला. त्यांच्या टेबलावर ठेवताना, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटत होता.

म्हटलं, "एकदाही आठच्या वर जाऊ दिलेलं नाही."

त्यांनी झाकण काढून पाकिटांच्या मधलं पेन उचललं आणि आडवं करून उजेडात धरलं. मग माझ्या हातात दिलं. काचेच्या आतलं औषध हलत नव्हतं. बर्फ होता.

"खाली किती जाऊ दिलंत?" त्यांनी विचारलं. आवाजात काही नव्हतं, त्या नुसत्या विचारत होत्या.

एकदा गोठलं की संपलं, म्हणाल्या. पुन्हा वितळलं तरी दिसायला तसंच, पण जोर गेलेला. तुमच्या मुलीने दीड-दोन महिने जवळजवळ पाणीच टोचलंय. वापरातलं पेन तर एवढ्या गारव्यात लागतच नाही, घरात सावलीला ठेवलं तरी महिनाभर चालतं. म्हणजे टेबलाच्या खणात.

मटार गोठवणारी बाई मी. ब्लास्ट रूमची पाकिटं काय करतात हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? वर तीन डिग्री म्हणजे खाली किती, हे मी कामावर पोरांना दम देऊन शिकवते. पण मला भीती होती ती गरम होण्याची, म्हणून मी तेवढंच बघत बसले. आणि पोरगी सांगत होती, पेन अडकतं, काखेत धरावं लागतं. बर्फ वितळवत होती ती काखेत. मी म्हटलं, जोरात दाब.

जिन्यात येऊन मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, तुम्ही पोरीला खोटारडी म्हणालात, औषध कुठे ठेवता एवढं एकदा विचारलं नाहीत. ते म्हणाले, तुम्हीच म्हणालात ना तिने कबूल केलं? मी फोन ठेवला. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि जिन्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

९ मे

बारकीला सांगितलं. नवरा शेजारी उभा होता. मी सगळं सांगितलं, बर्फाचं, पाकिटांचं, थर्मामीटरचं. माझं चुकलं म्हटलं. रडू आलं, ते मला नको होतं, कारण मग तिलाच माझी समजूत काढावी लागली असती.

तिने काढली नाही. भिंतीकडे कूस वळवली. नवऱ्याला म्हणाली, बाबा, पाणी दे.

१३ मे

घरी आलो. पेनं तिच्या टेबलावर, खिडकीपासून लांब. न उघडलेली, नवं रबर बसवलेल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, गोठणार नाहीत अशी. डबा मी पायाखाली घालून तोडला. थर्माकोल घरभर उडाला, नवरा झाडत होता.

कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराला सांगितलं, माझी मुलगी खोटं बोलत नव्हती, मी चुकीचं बोलून गेले होते. मागे गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तेव्हाच सांगत होतो तुम्हाला. ती फेब्रुवारीपासून दुकानात आलीच नाही."

शाळेत जाऊन शिक्षिकेलाही सांगितलं. पेस्ट्रीवाल्याच्या घरीही गेले. त्या मुलीने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिला भेटायला येऊ का? तिचं मन मोठं आहे. माझं असतं तर मी दार लावून घेतलं असतं.

हे सगळं बारकीला सांगितलं. तिने विचारलं, "वरच्या मजल्यावरच्या बाईला सांगितलंस?" बिस्किटांचं तिलाही मी बोलले होते हे हिला कुठून कळलं कोण जाणे. वर जाऊन तिलाही सांगून आले. ती म्हणाली, असू दे, आई आहेस, काळजीपोटीच केलंस. मला तो शब्द नको होता. काळजीपोटी.

१९ मे

आकडे चांगले आहेत. बारकी माझ्याशी बोलते, म्हणजे हो, नाही, नको एवढं. तिला राग आहे. असू दे. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत होती आणि आज ती विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. ती खाटेवर बसून नखं कापत होती. मी दारातच उभी राहिले. आत यायला तिने सांगितलं नव्हतं.

म्हटलं, "तू खाल्लीच नव्हतीस, तर मग बिस्किटं खाल्ली असं का म्हणालीस?"

तिने मान वर केली नाही.

"तू थांबत नव्हतीस."

तिने दुसऱ्या हाताची नखं कापायला घेतली.

"कुठली सांगायची ते ठरवत होते," ती म्हणाली. "साधी सांगितली असती तर तुला पटलं नसतं. म्हणून क्रीमची. आणि एक-दोन म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढ्याने इतकी साखर कशी वाढेल. म्हणून पुडा."

त्या दिवशी ती टेबलाच्या कडेकडे बघत होती तेव्हा मला वाटलं होतं, खरं बोलायचं बळ गोळा करतेय. आणि नंतर मी तिला जवळ घेतलं होतं, खोटं बोलल्याबद्दल. खरं बोलत होती तेवढ्या दिवसांत एकदाही घेतलं नव्हतं.

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. एवढ्यात नवरा जेवायला हाक मारायला आला. तिने बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, यंत्र बाबाच्या हातात दिलं. तो बघून हसला, मान हलवली, तिने पेन उचललं.

आकडा किती होता ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.